काचेवरची कुरिया

जर्मनीत, रेगेन्सबर्गच्या सकाळच्या बसमध्ये टांझानियाची एक बाई लेकीला घेऊन रोज माझ्यापुढे बसायची. वाफेनं धुरकटलेल्या काचेवर ती बोटानं कुरिया, म्हणजे तिच्या भाषेतला, एक शब्द लिही. अक्षरं रोमन. त्यांत न मावणारा आवाजाचा चढउतार ती तळवा वरखाली करून दाखवी. लेकीला तो जमेपर्यंत पुढचा शब्द नाही.

"पोरीशी जर्मन बोला, शाळेत गोंधळेल ती," शेजारच्या सीटवरच्या जर्मन आजी एकदा म्हणाल्या.

तिनं स्वच्छ जर्मनमध्ये सुनावलं, "जर्मन तुम्ही सगळे शिकवालच. हे शिकवायला इथे मी एकटीच आहे."

आणि पुढचा शब्द मुद्दाम मोठ्यानं म्हणाली.

त्या संध्याकाळी माझ्या मुलीनं जर्मनमध्ये दूध मागितलं. एरवी मुकाट्यानं दिलं असतं. मराठीत मागेपर्यंत मी ढिम्म हलले नाही.