तांब्याभर पुरावा

तलावाचे पहारेकरी असलेले आमचे काका जलपर्णीचे हाडवैरी. “ही बया पानांतून तलाव पिऊन टाकते, उपटायला माणसं द्या,” असं साहेबांना सांगून ते थकले. शेवटी पुरावा म्हणून त्यांनी अंगणात दोन बादल्या काठोकाठ भरल्या आणि एकीत जलपर्णी सोडली.

आठवड्याने साहेब आले. साध्या बादलीतलं पाणी दोन बोटं उतरलेलं, जलपर्णीची बादली मात्र तुडुंब! काकांचा चेहरा पडला.

काकू कौतुकाने म्हणाल्या, “फुलं किती गोड आलीत, नाही? रोज तांब्याभर पाणी घालते मी. एवढं करूनही दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा खाली!”

साहेबांनी जलपर्णीने हिरव्यागार झालेल्या तलावाकडे पाहिलं. “काका, माणसं किती हवीत?”

“दहा. आणि आमच्या हिला आवरायला अकरावा.”