काचघरात मुरलेले टायर

व्हर्ना एल्स्टाडबाईंच्या टोमॅटोच्या काचघरात जून आला की वाळवण घालावं तसे चार नवे टायर मांडलेले असत. त्यांची लेक ब्रिटा मातीच्या गोल ट्रॅकवर गाडी पळवायची. नवा टायर मंद तापवून दोन दिवस निजू दिला, की रबर मुरतं आणि शर्यतीच्या शेवटापर्यंत दम धरतं. आयोवातल्या त्यांच्या क्लबचा नियम सरळ होता. ऊन चालेल, विजेची पांघरुणं, भट्टी आणि औषधं चालणार नाहीत. रबर मऊ करायला टायर भिजवणारा सापडला, तर त्याचं वर्ष बुडालं.

व्हर्नाबाई एक स्तोत्र म्हणत आणि टायर पाव वळसा फिरवत. टायर मुरत असले की लांबलचक स्तोत्राला हात लावत नसत. नाहीतर एकच बाजू भाजून निघायची.

सप्टेंबरच्या शेवटच्या शर्यतीत ब्रिटा पहिल्या पाचांत आली, तर वर्षभराच्या गुणांवर मिळणारा करंडक अकरा वर्षांत पहिल्यांदा घरी येणार होता. या शर्यतीसाठी घातलेले नवेकोरे टायर चाचणी फेरीनंतर चिखलाने माखले. बाईंनी घरच्या गाडीतली बाटली काढून ते लख्ख पुसले, आणि नाकात संत्र्याचा वास शिरला. बाटली चर्चच्या स्वयंपाकघरातली, ओशट पातेल्यांसाठीची. संत्र्याच्या सालीचं तेल. तेलाने रबर मऊ होतं.

"आई, चेहरा का पडलाय तुझा?"

बाईंनी सांगितलं. ब्रिटाने हातातला पाना खाली ठेवला. "कोणाला बोललीस?"

"अजून नाही."

"मग राहू दे. वास उडून जाईल."

"वास जाईल गं. पण उद्या मला प्रार्थनेला बसायचंय."

"देवाला सोमवारी सांगितलंस तर नाही का चालणार?" ब्रिटा पुटपुटली, पण जॅक आणायला वळली.

तपासनीस लोवेल टेश वास ओळखणारं यंत्र गळ्यात अडकवून बसला होता. त्याने बाईंचं सगळं ऐकून घेतलं.

"व्हर्नाबाई, इथे आपणहून कोणी येत नाही. सापडले की मांजराने सांडलं म्हणतात." त्याने डोकं खाजवलं. "नियम शर्यतीत धावणाऱ्या टायरचा आहे. हे चार इथे ठेवा, दुसरे घाला. पण चाकं बदलली, म्हणजे रांगेत शेवटी उभं राहायचं."

दुसरे म्हणजे जूनमध्ये काचघरात मुरलेलेच, आता झिजलेले. ब्रिटा एकोणिसावी निघाली. अर्ध्या शर्यतीपर्यंत काही हललं नाही. मग पुढच्यांचे नवे टायर तापून घसरू लागले, आणि ब्रिटाची गाडी वळणाला चिकटून एकेकाला मागे टाकत गेली. शेवटची रेघ आली तेव्हा ती सहावी होती. करंडक एका जागेने हुकला.

लोवेलने तिच्या टायरमध्ये रबराचा कडकपणा मोजायची सुई रुतवली, पुन्हा रुतवली. "इतकं झिजून एकसारखं? कशात बुडवले होते, बाई?"

"उन्हात," व्हर्नाबाई म्हणाल्या.

घरी परतताना ब्रिटाने मागे ठेवलेल्या झिजक्या टायरांकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, "पुढच्या जूनला आठ टायर घाल. टोमॅटो दुसरीकडे लाव."

"टोमॅटो हलणार नाहीत," बाई म्हणाल्या. "टायरांसाठी दुसरं काचघर बांधू."