कानूनआबा

कानूनआबांनी वीस वर्षं फौजेत काढली, पण त्यांच्या तोंडून कुणी कधी शिवी ऐकली नाही. दिंद्रुडसारख्या गावात ही गोष्ट डोळ्यांत भरायची. बैल अडला, मोटार जळाली, कुणी बांध कोरला, तरी ते एवढंच म्हणायचे, "असं न्हाई चालत." समोरचा माणूस शिवी खाल्ल्यावर ओशाळला नसता इतका त्या तीन शब्दांनी ओशाळायचा.

आमचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले की भरतीची स्वप्नं बघणारे आम्ही दहाबारा जण गावात उरायचो. आबांनी गावाबाहेरच्या माळावर चुन्यानं पट्टा आखला आणि आम्हाला पळवायला सुरुवात केली. दमलो की कडुनिंबाखाली बसवायचे आणि लढाईचे कायदे सांगायचे. आम्हाला त्याचा कंटाळा यायचा. एकदा मी म्हणालो, "आबा, भरतीत हे इचारीत न्हाईत."

"भरतीत न्हाई इचारीत बे. बंदूक हातात आल्यावर इचारतेत," आबा म्हणाले. "ज्यानं हत्यार टाकलं, हात वर केले, तो मानूस तुमची अमानत हाय. दुश्मन असंल, तरीबी."

त्यांची एक युक्ती होती. कुणाला पकडलं की गप्प राहायचं नाही, मोठ्यानं ओरडायचं. "पकडलाय, जित्ता पकडलाय! असं वरडा. चार जनांनी ऐकलं की तो वाचतो. आन् तुमीबी वाचता." आम्ही त्याची नक्कल करून हसायचो. आबाही हसायचे आणि पुन्हा ओरडायला लावायचे.

त्यांना हे नाव का पडलं, ते त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितलं. सरहद्दीवर एका चकमकीत त्यांच्या तुकडीनं एक कैदी धरला. केजकडचा त्यांचा जिवाभावाचा दोस्त तुकडीत होता. सकाळीच त्यांचा एक साथी पडला होता. दोस्तानं रागाच्या भरात बांधलेल्या कैद्याला बंदुकीच्या दस्त्यानं मारलं, त्याचा हात मोडला. "मी चार पावलांवर हुतो," आबा म्हणाले. "हाडाचा आवाज ऐकला. पर हाललो न्हाई." साहेबांनी विचारलं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, कैदी दगडावरून घसरला. आबांनीही तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी मात्र ते एकटेच साहेबांकडं गेले आणि खरं बोलले.

दोस्ताची नोकरी गेली. आबांशी तुकडीत कुणी बोलेना. बरोबरचे सुभेदार झाले, आबा हवालदार म्हणूनच घरी आले. गावानंही त्यांना कुचेष्टेनं कानून म्हणायला सुरुवात केली. केजच्या बसस्टँडवर त्या दोस्ताच्या आईनं त्यांना गाठलं आणि भर गर्दीत बोल बोल बोलली. आबा मान खाली घालून उभे राहिले. आम्ही विचारलं, "तुमी कावून गप बसलात? चूक तर त्याची हुती."

"त्या माउलीचं काय चुकलं हुतं?" ते म्हणाले. "आन् माजीबी चूक हुतीच की. मी येळंवर हात धरला असता तर कैद्याचा हात वाचला असता, दोस्ताची नोकरीबी. खरं बोलाया गेलतो ते उशिरा."

मी भरती झालो. चौथ्या वर्षी एका डोंगराळ गावात आमची शोधमोहीम चालू होती. माझ्याशेजारी चालणारा सतवीर मानेत गोळी लागून पडला. सहा महिने आम्ही एका ताटात जेवत होतो. थोड्याच वेळात एका गोठ्यात मला एक माणूस सापडला. त्यानं बंदूक टाकली होती, हात वर होते आणि एका पंजातून रक्त गळत होतं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "बघतोस काय? उडव." माझं बोट बंदुकीच्या घोड्यावर होतं. खोटं कशाला बोलू, मला त्याला मारायचं होतं.

आणि मी ओरडलो. माळावर ओरडायचो तसाच, मराठीतच. "पकडलाय! जित्ता पकडलाय!" कुणाला शब्द कळले नसतील, पण सगळे धावत आले, साहेबही आले. मी त्याच्या पंजाला पट्टी बांधली. तो माणूस निर्दोष वगैरे निघाला नाही. सतवीरला लागलेली गोळी त्याचीच होती. पुढे कित्येक महिने तुकडीतले दोघेतिघे माझ्याशी बोलले नाहीत.

सुट्टीवर आल्यावर मी आबांना सगळं सांगितलं. वाटलं, पाठ थोपटतील. त्यांनी विचारलं, "सतवीरच्या घरी गेलतास का?"

नव्हतो गेलो. काय तोंडानं जाणार होतो?

"मंग आदी तिकडं जा. कैद्याला जपलंस, लई चांगलं केलंस. आता त्याच्या आईचं दुख ऐकून ये. आन् आल्यावर मला सांग."

मी राजस्थानात सतवीरच्या गावी गेलो. त्याच्या आईनं पहिलाच प्रश्न विचारला, "मारलं का त्याला?" मी म्हणालो, "नाही. मीच पकडलं. तो तुरुंगात आहे." ती उठून आत गेली. मला वाटलं, आता दार लावून घेईल. बऱ्याच वेळानं ती सतवीरचे लहानपणचे फोटो घेऊन बाहेर आली आणि संध्याकाळपर्यंत एकेक दाखवत बसली. निघताना म्हणाली, "अजून कुणी मला त्याच्याबद्दल बोलू दिलं नव्हतं."

हे आबांना कधी सांगतो असं मला झालं होतं. परळीला गाडीतून उतरलो तेव्हा गावाकडून फोन आला. आबा आदल्या दिवशी गेले होते, शेतातून येऊन पाणी प्यायला बसले ते उठलेच नाहीत.

माझ्या हातून जे झालं नाही, त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले. बोटाच्या एका हालचालीनं मी जन्मभरासाठी दुसराच कुणी झालो असतो. आबांनी मला त्यातून वाचवलं, हे त्यांना सांगायचं होतं; मी त्यांच्या ओसरीवर पोचलो तेव्हा तिथं माणसं दाटली होती.

दहावा झाल्यावर मी पुन्हा गेलो. त्यांच्या मागे घरात एकट्या जिजीच होत्या, आबांची बायको. त्यांनी पाट सरकवला.

"तू त्या जवानाच्या आईकडं गेलतास म्हनं," त्या म्हणाल्या. "जायच्या आदी दोन दिवस तुज्यासाठी रस्त्याकडं बघत हुते. बस. सगळं सांग, त्यांच्या वाटचं मी ऐकते."