सम्राज्ञींवरच्या निबंधातली मराठी ओळ

भुताखेतांच्या गोष्टींना मी कायम हसत आलेय. आजही तसा विश्वास नाही... पण जे झालं ते सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही कतारमध्ये, दोहात, अल दुहैलच्या एका कंपाउंडमध्ये, म्हणजे भिंतीआतल्या बंगल्यांच्या वसाहतीत राहतो. नवरा समीर साइट इंजिनिअर. मला नववा महिना लागला होता आणि घरबसल्या ऑनलाइन एम.ए. चालू होतं. शेवटचा निबंध रोमन सम्राटांच्या बायकांवर. कवींनी त्यांना पार देवी करून टाकलं होतं — देवांची राणी जूनो हिचा रुबाब, व्हीनसचं रूप, कधी चिडणार नाहीत, थकणार नाहीत. त्या उपमा गोळा करण्यात मी बुडाले होते.

मंगळवारची दुपार. पाणी प्यायला उठले, दोन मिनिटांत परत आले. माझ्या इंग्रजी परिच्छेदाखाली एक मराठी ओळ होती —

'तिला दुखतंय का, हे कुणी विचारलं?'

घरात मी एकटी, दाराला आतून कडी. लॅपटॉपवर मराठी टायपिंग कधी टाकलेलंच नव्हतं. समीरची मस्करी वाटून त्याला फोन केला, तर तो साइटवर, त्याला काहीच माहीत नाही. ओळ पुन्हा वाचली. मग हात आपसूक पोटावर गेला... आणि लक्षात आलं, सकाळपासून बाळ हललंच नव्हतं.

शेजारच्या रुबिनाभाभी रत्नागिरीच्या. त्यांचं दार वाजवून एवढंच सांगितलं, बाळ हलत नाही. त्यांनी गॅस बंद केला, गाडीची किल्ली उचलली.

"बाय, आता काय विचार करू नको. चल."

हॉस्पिटलमध्ये बाळाचे ठोके मंदावलेले निघाले. नाळ गळ्याभोवती होती. लगेच सिझेरियन केलं. मुलगी आधी रडेना... मग रडली. तोवर समीरही साइटवरून येऊन भाभींसोबत दाराबाहेर उभा होता.

निबंध महिनाभर उशिरा दिला. त्यात देव्या कमी आणि बायका जास्त होत्या.

समीर म्हणतो, डुलकी लागली असताना तूच टाइप केलं असशील. असेन... पण त्या लॅपटॉपवर मराठीत कसं? फाइल कितीदा तपासली, उत्तर नाही. आता शोधणं सोडलंय. ही बघा आमची लेक, मागून गळ्यात पडून 'मम्मा, कम' म्हणतेय. मला तेवढं पुरे.