दातांत धरलेलं शिसं

पडदा सरळ पडावा म्हणून त्याच्या खालच्या दुमडीत शिशाच्या छोट्या चकत्या शिवतात. एका हातात कापड, दुसऱ्यात सुई, मग चकत्या धरायच्या कुठे? मावशी दातांत धरायच्या. बावीस वर्षं. पडद्यांच्या कारखान्यातल्या बायका चेष्टा करायच्या, "मावशींशी बोलायचंय? आधी पडदा संपू दे."

गेल्या वर्षी मावशींचं पोट पिळवटून दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, पित्त. गोळ्या झाल्या, पथ्य झालं, दुखणं होतं तिथंच. मग उजवं मनगट लुळं पडू लागलं. राग तर कायम नाकावर. मिठाचा डबा जागेवर नाही म्हणून सुनेला इतकं बोलल्या, की नंतर स्वतःच न्हाणीघरात जाऊन रडल्या.

शेवटी दाढ ठणकली म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी ओठ उचलून पाहिला. हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ होती.

"मावशी, तोंडात काय धरता?"

मावशींनी पिशवीतून चकती काढून दाखवली.

बाईंनी लगेच रक्त तपासायला लिहून दिलं. "हे शिसं रक्तात उतरतं. घरात लहान मूल आहे?"

मावशींनी हातातली चकती झटकन टेबलावर टाकली. उरलेलं काम त्या घरी आणायच्या. दोन वर्षांची नात शिवणाच्या मशीनखाली बसून चकत्या एकावर एक रचायची, तोंडातही घालायची. पोर गप्प खेळतेय म्हणून सगळे खूश.

तपासणीत दोघींच्याही रक्तात शिसं निघालं; मावशींचं पोट, मनगट, चिडचिड, सगळं त्यामुळेच. सून ओल्या फडक्यानं फरशी पुसत राहिली.

"बोल ना गं काहीतरी."

"काय बोलू आई? तुम्हाला तरी कुठं माहीत होतं? पण राग आलाय. तो आजच्या आज जायचा नाही."

कारखान्याचा मालक हसला. "इतक्या वर्षांत कुणी मेलं का?"

"हे बघा," म्हणत मावशींनी टेबलावरची मोठी कात्री उचलायला हात घातला. उचलली गेली नाही. पुढच्या महिन्यात लोखंडी चकत्या आल्या.

सहा महिन्यांत दोघींच्या रक्तातलं शिसं बरंच उतरलं. मावशींच्या हातात अर्धीमुर्धी ताकद आली. नात मात्र अजून मोजकेच शब्द बोलते. डॉक्टर म्हणतात, "शिशामुळे, की मुळातच उशिरा बोलणारी, हे आज सांगता येत नाही. शाळेत जाऊ दे, मग कळेल."

तेवढा धीर मावशींना कुठला? चित्रांचं पुस्तक घेऊन त्या दिवसभर तिच्या मागे. "हे काय? सांग बघू." पोर कंटाळून पळते.

"आई, जरा मोकळं सोडा तिला," सून म्हणते.

मावशी पुस्तक मिटतात. पाच मिनिटांनी पुन्हा उघडतात.