बोंबलाचा तुकडा

भाजक्या सुक्या बोंबलाचा वास आला की मला आमचं दहिसरचं घर आणि धाकट्या बहिणीने हट्टाने आणलेला पांढरा उंदीर आठवतो. आमची आई मालवणची, आयुष्यभर उंदरांना पिंजरे लावत आलेली, तिने कपाळावर हात मारला, "उंदीर कोण पाळतत काय गो?" तो मात्र झकास होता. बहिणीच्या बाहीतून शिरून गळ्यापाशी डोकं बाहेर काढायचा, खूश झाला की दात कुरकुर वाजवायचा, आणि मिळेल तो खाऊ उशीमागे नेऊन दडवायचा. पुढे आईला अर्धांगाचा झटका आला आणि तिचा उजवा हात मांडीवर नुसता पडून राहायला लागला. व्यायामासाठी दिलेल्या स्पंजच्या चेंडूकडे ती ढुंकूनही बघत नव्हती. एका दुपारी बहिणीने बोंबील भाजला, त्याचा तुकडा त्याच हाताच्या बोटांत ठेवला आणि उंदराला जवळ सोडलं. त्याने आधी आईची बोटं चाटून साफ केली, मग तुकडा दातांत धरून मागे ओढायला सुरुवात केली. "सोड रे मेल्या, माझो आसा तो!" आई ओरडली, आणि तिची बोटं हळूहळू मिटली. ओढाताणीत हरली आईच, पण दुसऱ्या दिवशी तुकडा तिने स्वतः मागून घेतला. उंदीर फार वर्षं जगत नाहीत, आमचाही गेला. काल त्याच हाताने तव्यावरचे बोंबील उलटताना आई बहिणीला एकदम म्हणाली, "दुसरो उंदीर कधी आणतलंस गो?"