मावशीचा बसलेला आवाज

मी नागपूरला वाचा आणि श्रवण उपचारांचं शिकायला गेले तेव्हा कुरखेड्याजवळच्या आमच्या गावात कोणी विचारलं, "पोरगी काय करून राह्यली?" की घरच्यांची पंचाईत व्हायची. बाबा सांगायचे, "कानाच्या मशीनचं शिकून राह्यली." आई म्हणायची, "मुक्या लेकरायले बोलवते." डॉक्टरकीला नंबर लागला नाही म्हणून हाती आलेली जागा मी घेतली होती. दोन वर्षं उलटली तरी आपण नेमकं काय होणार, हे मलाही छातीठोकपणे सांगता येत नव्हतं.

या कोर्सचं कौतुक होतं ते फक्त मावशीला. ती ब्रह्मपुरीला राहायची. काकांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आणि मावशी आमच्या भागातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत कामं करणारी. दिवाळीनंतर गावोगावची मंडईची जत्रा सुरू झाली की तिची कंपनी जी बाहेर पडायची ती होळीपर्यंत. आज या गावात, उद्या त्या गावात, रात्रभर नाटक आणि दिवसा गाडीत झोप. मला होस्टेलवर सोडायला तीच आली होती. वॉर्डनबाईंना म्हणाली, "आवाजाची डॉक्टर होणार हाय आमची पोरगी. आमच्या धंद्याले कामाची हाय."

तिसऱ्या वर्षी आम्हाला आवाजाचे विकार शिकवायला घेतले. मॅडम वर्गात वेगवेगळ्या रुग्णांचे आवाज ऐकवायच्या आणि विचारायच्या, काय ऐकू आलं? खरखर? हवा गळते आहे? माणूस ताण देऊन बोलतो आहे? असं करत करत कान तयार होत होता. त्या दिवसांतच, होळी होऊन गेल्यावर, मावशीचा फोन आला. "काऊन व, गावाले आली नाई या वर्षी?" एवढंच ती म्हणाली, पण तेवढ्यात मला ऐकू आलं. खरखर होती, हवा गळत होती आणि शब्दाच्या शेवटी आवाज पार नाहीसाच होत होता.

"मावशी, आवाजाले काय झालं?"

"सर्दी हाय."

"कधीपासून?"

"मंडईपासून."

म्हणजे अख्खा हंगाम. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असला तर घसा आतून पाहिलाच पाहिजे, हे आम्हाला पहिल्याच तासाला सांगितलं होतं. तंबाखू खाणारा माणूस असेल तर एक दिवसही थांबायचं नाही, हेही सांगितलं होतं. आणि मावशीच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा नाही असं मी कधी पाहिलं नव्हतं.

शनिवारी मी ब्रह्मपुरीची बस धरली. काका दुकानाच्या दारातच भेटले. हळूच म्हणाले, "तूच सांग तिले. माह्यं ऐकत नाई." मावशी आत वाटाणे सोलत बसली होती. मला बघून तिला आनंद झाला, पण मी दवाखान्याचं नाव काढताच तिचा चेहरा बदलला.

"मले समजते काय होय ते," ती म्हणाली. "आमच्या कंपनीतला तबलेवाला असाच गेला. पह्यले आवाज बसला, मंग जेवण बंद झालं. डॉक्टरनं नाव सांगतलं त्या दिवशीच तो अर्धा मेला होता. मले नाव आयकाचं नाई."

काही होत नाही, घाबरू नकोस, असं म्हणायला मन धावत होतं. पण जे ठाऊक नाही त्याचा दिलासा रुग्णाला द्यायचा नसतो, असं आम्हाला बजावलं होतं. मी तिच्याजवळ बसून वाटाणे सोलायला लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "मावशी, मले पण भेव वाटून राह्यला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुले आयकून समजत नाई का? तुले तर हेच शिकवते ना तिथी?"

"आयकून नाई समजत. आत पाहा लागते."

"मंग तीन वर्ष काय शिकली?"

"हेच शिकली. आयकून सांगाचं नाई."

मावशी हसायला लागली. हसताना तिचा आवाज फाटला आणि ती खोकत सुटली. खोकला थांबल्यावर डोळे पुसत म्हणाली, "चाल मंग. सोमवारी चाल. पण काय निंगलं ते माह्या तोंडावर सांगाचं. मांगं कुजबुज नाई पाह्यजे."

सोमवारी आम्ही नागपूरच्या दवाखान्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. त्यांनी मावशीच्या घशात दुर्बीण घातली आणि समोरच्या पडद्यावर चित्र आलं. निरोगी स्वरतंतू मी पुस्तकात कितीदा पाहिले होते, पांढरे, सरळ कडेचे. इथे दोन्ही तंतूंवर, बरोबर एकमेकांसमोर, दोन छोटे उंचवटे दिसत होते. डॉक्टर म्हणाल्या, "ई म्हणा." मावशीनं ई म्हटलं. ते दोन उंचवटे एकमेकांवर टेकले आणि दोन्ही बाजूंनी हवा निसटली. दोन्हीकडे सारखेच, तंतू हलताहेत, म्हणजे बहुतेक ते नाही... माझ्या मनात वाक्य तयार झालं होतं, पण ते पुरं करायची हिंमत झाली नाही.

दुर्बीण बाहेर काढून डॉक्टर म्हणाल्या, "शेतात काम करून हाताला घट्टे पडतात ना? तसे तुमच्या आवाजाच्या तारांना पडलेत. ओरडून ओरडून. हा कॅन्सर नाही."

मावशी म्हणाली, "एकडाव आणखीन सांगा."

"कॅन्सर नाही, बाई. व्यायामानं बरं होईल. पण खर्रा सोडला नाहीत तर पुढच्या वेळी मला असं सांगता येईलच असं नाही."

मावशीनं पदर नीट केला, हात जोडले आणि ती माझा हात धरून बाहेर आली. दवाखान्याच्या फाटकाबाहेर तर्रीपोह्यांचा ठेला होता. तिथे येताच म्हणाली, "मले भूक लागली." एक प्लेट संपवून तिनं दुसरी मागितली. मी मात्र तशीच प्लेट हातात घेऊन रडत होते. ठेलेवाला विचारू लागला, काय झालं, कोणी गेलं का? मावशी तिच्या त्या फाटक्या आवाजात म्हणाली, "नाई गा भाऊ, राह्यलं. कोणीच नाई गेलं."

उपचार आमच्याच विभागात झाले. नात्यातला रुग्ण मी घ्यायचा नाही, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं. मग मी काचेपलीकडच्या खोलीत बसून पाहायचे. मॅडम तिला श्वास कसा घ्यायचा, बोलताना मानेच्या शिरा का ताणायच्या नाहीत, ते दाखवत. पाण्याच्या ग्लासात नळी धरून त्यातून ऊ असा आवाज काढायचा, हा मुख्य व्यायाम होता. पाण्यात बुडबुडे यायचे. पहिल्या दिवशी मावशी मॅडमना म्हणाली, "बाई, म्हैस पाणी पेते तशी दिसत असन मी." मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "दिसू द्या."

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बरेच दिवस ब्रह्मपुरीलाच राहिले. मोठ्यानं हाक मारायची नाही म्हणून मावशीनं काकांना बोलवायला ताट वाजवायची पद्धत काढली. दुकानातली गिऱ्हाइकं चमकून बघत. काका म्हणत, "लगन झाल्यापासून एवढी शांतता मले पह्यल्यांदाच भेटली." खर्रा मात्र सहज सुटला नाही. दोनदा तिनं चोरून खाल्ला, दोनदा काकांनीच पकडला. मग ती बडीशेप चघळू लागली, चिडचिड करू लागली, आणि हळूहळू चिडचिडही कमी झाली. पावसाळ्यात पुन्हा तपासलं तेव्हा पडद्यावरच्या त्या उंचवट्यांच्या जागी जेमतेम जाडी उरली होती. मॅडमनी मला बोलावून ते चित्र दाखवलं आणि विचारलं, "अजूनही दुसरा कोर्स मिळाला असता तर बरं झालं असतं, असं वाटतं?" मी एकदा त्यांच्याजवळ तसं बोलले होते. आता नाही म्हणाले, आणि ते खरं होतं.

दिवाळीच्या थोडं आधी वडशाला मावशीच्या कंपनीच्या नव्या नाटकाची तालीम होती. दुपारी मी मुद्दाम गेले. या वेळी मावशीला नायिकेच्या आईचं काम होतं. दिग्दर्शक ओरडले, "आवाज वाढवा बाई, मांगच्या माणसाले आयकू गेला पाह्यजे!"

मावशी जागची हलली नाही. "माईक जवळ घ्या. मी वरडणार नाई," ती म्हणाली.

माईक जवळ आला आणि मावशी बोलू लागली. आवाज पूर्वीसारखा कडक नव्हता, थोडा जड झाला होता, पण कुठेही फाटत नव्हता. शब्द शेवटपर्यंत पोचत होता. सुरुवातीला मी सवयीनं खरखर शोधत होते, श्वास मोजत होते. मग नाटकातल्या त्या आईनं मुलीला घराबाहेर काढलं आणि स्वतःच दाराआड उभी राहून ती रडू लागली. पुढे मुलगी परत येते की नाही, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं.